उणे चौदा घन सेंटिमीटर कान

माझ्या मामाला एक कान आहे. डावा. उजव्या कानावर मागच्या वर्षी एक गाठ आली आणि ती काही कान सोडून जायला तयार होईना, म्हणून डॉक्टरांनी शेवटी दोघांनाही एकत्रच पाठवून दिलं. मामाला ऐकू व्यवस्थित येतं. ऐकण्याचं काम आत चालतं, बाहेरचा कान म्हणजे नुसता दर्शनी भाग, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यावर मामा म्हणाला, "गिऱ्हाईक तरी दुसरं काय बघतं?"

मामाचं केस कापायचं दुकान आहे. एक कान नसलेला शिंपी चालतो, एक कान नसलेला वकील तर धावतो. पण केस कापणाऱ्यालाच एक कान नसला की खुर्चीतला माणूस विचारात पडतो. तोंडाने कोणी काही बोलत नाही. फक्त कात्री जवळ आली की चादरीखालून एक हात हळूच बाहेर येतो आणि स्वतःचा कान चाचपून परत आत जातो. मामाने हे दोन महिने सहन केलं. मग एके दिवशी, वीस वर्षं त्याच्याकडेच केस कापून घेणाऱ्या एका आजोबांनी दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून घेतले आणि तसेच बसून राहिले. मामाने हातांभोवतीने केस कापले, आजोबांना दारापर्यंत सोडलं, आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि शटर ओढलं.

"कान आला की उघडतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. कान जणू कुठेतरी लग्नाला गेला होता.

चष्म्याची एक काडी कानावर आणि दुसरी बुटाच्या नाडीने डोक्याला बांधलेली, अशा अवतारात मामा आमच्या घरी जेवायला यायचा. आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, त्याच्या उजव्या बाजूला बसायची नाही. तिला रडू यायचं आणि मग भाजी खारट व्हायची, असं मामाचं म्हणणं.

मंगळवारी तो आला आणि त्याने ताटाशेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"भाचेसाहेब, यात माझा डावा कान आहे," तो म्हणाला. "याचा उजवा करून पाहिजे. शुक्रवारपर्यंत."

मी त्याच्या डाव्या कानाकडे बघितलं. तो जागेवर होता.

मग सगळा उलगडा झाला. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक बाई बसतात. त्या रबरासारख्या मऊ सिलिकॉनचे कान, नाकं, बोटं बनवतात. आम्ही त्यांना कानवाल्या बाई म्हणायला लागलो. गेलेला कान कसा होता हे कोणालाच नीट आठवत नसतं, म्हणून बाई उरलेल्या कानाकडून तो उसना घेतात. उरलेल्या कानावरून यंत्र फिरवायचं, त्याचा आकार कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, तो आरशासारखा उलटा करायचा, त्याचा साचा छापायचा आणि साच्यात सिलिकॉन ओतायचं. यातलं उलटं करायचं आणि साच्याचं काम एक तंत्रज्ञ करायचा. त्याने नोकरी सोडली, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या प्रोग्रॅमनेही काम सोडलं. बाईंची मुलगी बाळंत व्हायची होती. शनिवारी दुपारच्या बसने बाई तिच्याकडे निघणार होत्या, त्या चार महिन्यांसाठी.

"मग चार महिन्यांनी कर की," मी म्हणालो.

मामा वरणात बोट बुडवून बसला. "मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा बघून गेलाय. रविवारी सकाळी उत्तर सांगतो म्हटलंय त्याला. कान आला तर नाही म्हणेन. नाही आला तर कव्हरं."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू कान मीच कापला होता.

माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी एका नळांच्या कारखान्यात नोकरी करतो. नळ काढणारे लोक नळ एका प्रकारच्या फाइलमध्ये काढतात आणि नमुना छापणाऱ्या यंत्राला तो दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये लागतो. मी मधे बसतो. पायथन भाषेत मी एक प्रोग्रॅम लिहिलाय, तो एका फाइलमधून नळ वाचतो आणि दुसऱ्या फाइलमध्ये नळ लिहितो. चार वर्षं हेच. लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं की मुलीकडचे लोक चहा संपवून उठतात.

बुधवारी सकाळी घरीच मी मामाचा कान साध्या अक्षरांत उघडला. आई मागे उभी होती.

"कान कुठाय?"

"हा काय."

"हे तर आकडे आहेत."

होतेच. बेचाळीस हजार सहाशे वीस ओळी. वरच्या चौदा हजार दोनशे आठ ओळींत एकेका बिंदूचा पत्ता होता: किती उजवीकडे, किती वर, किती पुढे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. खालच्या अठ्ठावीस हजार चारशे बारा ओळींत प्रत्येकी तीन आकडे. म्हणजे अमुक, अमुक आणि अमुक नंबरचे बिंदू जोडा, एक त्रिकोण होईल. बाकी फाइलमध्ये काही नाही. 'कान' हा शब्दसुद्धा नाही. जगातली कुठलीही वस्तू अशीच लिहितात, नळ काय आणि कान काय. हे मला चार वर्षं ठाऊक होतं, पण नळ कधी ताटाशेजारी बसून वरणात बोट बुडवत नाही.

पहिल्या झटक्यात पडद्यावर साळिंदर आलं. ही फाइल बिंदू एकपासून मोजते आणि माझी भाषा शून्यापासून, त्यामुळे प्रत्येक त्रिकोण शेजाऱ्याच्या घरात शिरला होता. नळांच्या फाइलींसाठी एक वजा करायची सोय मी केलेली होती, कानाच्या वेळी ती चालू करायला विसरलो. चालू केली. साळिंदर मिटलं आणि पडद्यावर, करड्या रंगात, माझ्या मामाचा कान उभा राहिला.

मी तो माउसने फिरवला. वरची कड, आतली घडी, पाळीजवळचा तो उंचवटा, ज्यावर मी लहानपणी खांद्यावर बसून टिचक्या मारायचो. हे सगळं बेचाळीस हजार ओळींत होतं आणि एकाही ओळीत नव्हतं. मी पाळीवरच्या एका बिंदूवर टिचकी मारली. ओळ नऊ हजार तीनशे बारा. तीन आकडे. त्यातला एखादा आकडा थोडा बदलला असता तर मामाला दुखलं असतं, असं मला उगीचच वाटलं.

"थांब," आई म्हणाली. "तिथे वर. ती खाच."

कानाच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती.

"ती माझी," आई म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. आम्ही दुकान-दुकान खेळत होतो. मी केस कापणारी, दादा गिऱ्हाईक."

"म्हणजे या घराण्यात आधी तू दुकान काढलंस?"

"उजव्यात ती घेऊ नकोस रे. मी एकच कापला होता."

मी हो म्हटलं आणि कामाला लागलो. डाव्याचा उजवा करायला किती ओळींचा प्रोग्रॅम लागतो? एक. प्रत्येक बिंदूच्या पहिल्या आकड्यापुढे उण्याचं चिन्ह. एक आडवी रेघ, मामाच्या वस्तऱ्याच्या एका ओढीएवढीसुद्धा नाही, आणि चौदा हजार बिंदू एका क्षणात पलीकडे जाऊन उभे राहिले. पडद्यावर उजवा कान होता. मागच्या वर्षी गेलेला, कोणी फोटोसुद्धा न काढलेला.

पुढचं काम सोपं होतं. एक ठोकळा घ्यायचा आणि त्यातून कान वजा करायचा. ठोकळ्यात कानाच्या आकाराची पोकळी उरते, ठोकळा मधोमध कापला की दोन भागांचा साचा तयार. छापायच्या यंत्राला लागणारी फाइल फार तुटक बोलते. सुरुवातीला ऐंशी बाइट मोकळे, मग त्रिकोणांची संख्या, मग नुसते त्रिकोण. ते ऐंशी बाइट कोणीच वाचत नाही, यंत्र त्यांवरून उडी मारून पुढे जातं. माझ्या नळांच्या फाइलींत तिथे शून्यं असतात. या वेळी मी तिथे लिहिलं, 'मामाचा कान, उजवा'. ठोकळा वजा कान हे गणित मी प्रोग्रॅमवर सोडलं आणि आलेली फाइल उघडून बघितली नाही. खाचही तशीच राहिली. तोवर मी कारखान्यात पोहोचलो होतो, तिथलं यंत्र संध्याकाळी सहाला रिकामं होणार होतं आणि सहाला पाच मिनिटं होती.

साहेब दारात आले. "काय लावतोयस?"

"साचा आहे, सर."

"कुठल्या नळाचा?"

"मामाच्या."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "रुंद आहे का? प्लास्टिक जास्त लागेल," म्हणाले आणि गेले.

गुरुवारी सकाळी मी यंत्राचं झाकण उघडलं. आत साचा नव्हता. आत करड्या, कडक प्लास्टिकचा अर्धा कान होता आणि त्याच्या शेजारी उरलेला अर्धा कान होता. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा. ठोकळ्याचा पत्ताच नव्हता. मी ठोकळ्यातून कान वजा केला होता आणि उत्तर कान आलं होतं.

साहेबांनी दोन्ही अर्धे हातात घेऊन जुळवले. "छान आलाय," ते म्हणाले. "पाणी कुठून येतं?"

बाईंना सिलिकॉन ओतायला पोकळी हवी होती. हा होता भरीव, दगडासारखा. त्याचा मामाला उपयोग एवढाच की वाद झाला तर फेकून मारता आला असता. शुक्रवार उद्यावर होता, आणि चूक कुठे आहे ते न कळता पुन्हा छापलं तर पुन्हा कानच आला असता.

मी मामाच्या उलट्या केलेल्या कानाचं घनफळ काढायला लावलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती सोय होती, नळाला किती पितळ लागेल ते कळावं म्हणून. उत्तर आलं, उणे चौदा घन सेंटिमीटर.

मी खुर्चीत मागे टेकलो. शून्यापेक्षा कमी कान. चौदा घन सेंटिमीटर कान तुम्ही आणून दिलात की मग कुठे काहीच नसण्याची सुरुवात होईल.

मग हळूहळू उमगलं. फाइलमधला कान बाहेरची बाजू आत घेऊन बसला होता. त्या फाइलच्या हिशेबाने माझी खुर्ची कान होती, यंत्र कान होतं, साहेब कान होते. खिडकीबाहेरचा रस्ता, ढग, ढगांपलीकडचं सगळं, जिकडे जाल तिकडे भरीव, न संपणारा कान. एवढ्या सगळ्यात चौदा घन सेंटिमीटरांची एकच जागा अशी होती, जिथे कान नव्हता. ठोकळ्यातून तो अवाढव्य कान वजा केला, तर ठोकळ्याचा तेवढाच तुकडा शिल्लक राहणार. यंत्राने अगदी काटेकोर आज्ञा पाळली होती.

आणि कान नसलेली ती एकच जागा हुबेहूब मामाच्या उजव्या कानाच्या आकाराची होती. हे काही खोटं नव्हतं. मामाच्या डोक्याच्या उजव्या बाजूला वर्षभर नेमकं हेच होतं.

पण असं का झालं, ते कळेना. नळांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं, आणि नळ मी कधी उलटा केला नव्हता. नळाला डावं-उजवं नसतं. गरम-गार असतं, पण आकार एकच.

दुपारी मी दोन्ही अर्धे गमने चिकटवून खिशात टाकले आणि मामाच्या दुकानात गेलो. निदान तोंडाने सांगावं म्हणून. मामा अर्धं शटर वर करून आत बसला होता. मी कान त्याच्या हातात दिला.

मामाने तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने कडेवरून फिरवला. मग टेबलावर आपटला. टक्क असा आवाज आला.

"दगडी आहे."

"चुकला. साचा यायचा होता, कानच आला. डावा आरशासारखा उलटा केला तिथेच काहीतरी बिनसलंय."

"म्हणजे काय बिनसलं?"

मी सांगायला लागलो. प्रत्येक त्रिकोणाचे तीन बिंदू एका क्रमाने लिहिलेले असतात. त्या क्रमाने बोट फिरवलं आणि ते घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरलं, तर आपण त्रिकोणाकडे बाहेरून बघतोय. घड्याळाप्रमाणे फिरलं, तर आतून. फाइलला आत आणि बाहेर एवढ्यावरूनच कळतं. मी बिंदू पलीकडे नेले, पण क्रमाला तर हातही लावला नव्हता.

मामा माझं बोलणं ऐकत नव्हता. तो माझ्या डोक्याकडे बघत होता.

"बस इथे," तो म्हणाला.

"मामा, वेळ नाहीये—"

"बस म्हणतो ना!"

मी खुर्चीत बसलो. मामाने समोरच्या आरशावरचं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. तीन महिन्यांनी त्या आरशात माणूस दिसला, आणि तो मी होतो, हे आरशाचं दुर्दैव. मामाने माझी मान खाली वाकवली आणि डोक्याच्या मधोमध बोट टेकवलं.

"हा तुझा भोवरा. केस कुठल्या दिशेने फिरतात? घड्याळाप्रमाणे. मी माझ्या डोळ्यांनी बघतोय. आता आरशात मी काय बघतोय? उलटा. भोवऱ्याला कोणी हात लावला का? नाही. आरशाने लावला. नवा शिकणारा पहिल्या आठवड्यात इथेच फसतो. आरशात बघून भांग पाडायला जातो आणि केस उभे राहतात."

मग त्याने हातातला लहान आरसा माझ्या डोक्यामागे धरला. "आणि गिऱ्हाइकाला मागचं दाखवतो तेव्हा दोन आरसे होतात. बघ. भोवरा सुलटा."

मी आरशातल्या आरशात माझा भोवरा बघितला. माणसाच्या डोक्यावर केसांचं असं फिरणं असतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"प्रत्येक त्रिकोणाला भोवरा आहे," मी म्हणालो.

"असेल."

"अठ्ठावीस हजार चारशे बारा भोवरे! कान उलटा केला तेव्हा सगळे उलटे झाले! बिंदू एकदाच उलटायचे, पण भोवरे दोनदा! प्रत्येक ओळीतले कुठलेही दोन आकडे आपापसात बदलले की—"

मला उठून पळायचं होतं. पण तोपर्यंत मामाने माझ्याभोवती चादर गुंडाळली होती आणि कात्री माझ्या कानापाशी होती, आणि आमच्या घरात कानांची संख्या आधीच एकने कमी होती. मी हललो नाही.

"हे जंगल घेऊन कचेरीत जातोस?" मामा पुटपुटला. "तरीच मुली नाही म्हणतात."

"त्या नळांमुळे म्हणतात."

कात्री चालत होती. तीन महिने बंद असलेली, तरी जराही न अडखळता. वरच्या केसांपर्यंत आल्यावर मामा एकदम थांबला. आपण काय करतोय हे त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं. त्याने आरशात बघितलं. बुटाच्या नाडीने चष्मा बांधलेला, एका कानाचा माणूस, हातात कात्री.

"तू कानाला हात नाही लावलास," तो म्हणाला.

"लक्षातच नाही राहिलं."

मामाने उरलेले केस कापले. मानेवर पावडरीचा बोळा फिरवताना त्याचा हात जरा जोरात लागला.

कचेरीत परत जाऊन मी ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांची अदलाबदल करणारी अर्धी ओळ लिहिली. घनफळ विचारलं. अधिक चौदा. साहेबांची, रस्त्याची आणि ढगांची कानातून सुटका झाली. या वेळी साच्याची फाइल उघडून, फिरवून, आतून-बाहेरून बघितली आणि मगच यंत्राला दिली. शुक्रवारी सकाळी झाकण उघडलं, तर दोन ठोकळे, आणि प्रत्येकाच्या आत कानाएवढा अंधार.

बाईंनी तो अंधार भिंगाखाली धरला. त्यांच्या खोलीत 'नाकं' आणि 'बोटं' अशा चिठ्ठ्या लावलेले खण होते आणि भिंतीवर कातडीच्या रंगांचे साठ चौकोन. "स्वच्छ आलाय," त्या म्हणाल्या. "आधी कुठे काम करायचास?"

"नळांत."

"दिसतंच आहे. कुठे गळती नाही."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. बाईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मामा खिडकीपाशी बसला. बाईंनी गेले दोन तास त्याच्या डाव्या कानाकडे बघत उजव्यात रंग भरला होता, कडेला किंचित लाल, घडीत फिकट, मागे एक निळसर शीर. त्यांनी डिंकाचा पातळ हात दिला, कान टेकवला, मनातल्या मनात साठ मोजले आणि बोट काढून घेतलं.

मी ती फाइल पाठ केली होती म्हणा ना. कुठल्या ओळीला पाळी सुरू होते, ते मला माहीत होतं. पण मामाने मान वळवली, खिडकीतलं ऊन त्या कानातून आरपार गेलं आणि कड लालसर उजळली, हे कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. आकडे संपले होते. उरला तो मामा.

त्याने डोक्याची नाडी सोडली. चष्मा डाव्या कानावर ठेवला, मग उजव्या कानावर, मग दोन्ही हात काढून घेतले आणि चष्मा पडायची वाट बघत बसला. चष्मा पडला नाही.

"रात्री काढून ठेवायचा," बाई म्हणाल्या. "साबणाने धुवायचा."

"आणि कोणी कान पिळला तर?"

"त्याच्या हातात येईल."

आई वर्षभरानंतर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. वाकून जवळून बघितलं आणि एकदम ओरडली, "अरे, ही खाच!"

मी भिंतीवरचे चौकोन मोजायला लागलो. खाच भरायची मी विसरलो होतो. खरं तर गुरुवारी संध्याकाळी आठवलं होतं, आणि मग मुद्दामच विसरलो होतो.

"मी एकच कापला होता!" आई म्हणाली. "दादा, देवाशपथ एकच!"

मामाने दोन्ही हात वर नेले आणि दोन्ही कानांच्या कडा एकाच वेळी चाचपल्या. इकडे खाच, तिकडे खाच.

"एकाला काप आणि दुसऱ्याला सोड, असं करायचं नसतं," तो म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्या घ्यायच्या. चाळीस वर्षं लागली तुला कटिंग पूर्ण करायला."

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि रडली. बाई बॅग उचलून घाईने निघाल्या, त्यांची बस होती.

रविवारी सकाळी शटर पूर्ण वर होतं आणि तिन्ही आरसे उघडे. कव्हरवाला आला, त्याला मामाने दारातच नाही म्हणून सांगितलं आणि वर त्याच्या दाढीबद्दल एक सूचना केली. आरशाशेजारी भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, मामाने तो करडा प्लास्टिकचा कान दोन स्क्रूंनी बसवला होता. मी विचारलं नाही. या कुटुंबात विचारून काही मिळत नाही.

दहाच्या सुमारास ते आजोबा आले, त्या दिवशी दोन्ही कान झाकून बसलेले. दारात थबकले. मामाने खुर्ची झटकली आणि बोलावलं, "या, बसा. चष्मा द्या."

आजोबांनी चष्मा काढून दिला. मामाने तो भिंतीवरच्या कानावर अडकवला. आजोबांनी मिचमिच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मामाच्या उजव्या कानाकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"तीन झाले?" त्यांनी विचारलं.

"एक जादा आला," मामा म्हणाला आणि चादर झटकली.

कात्री सुरू झाली. आजोबांचे हात चादरीखाली होते. कात्री कानापाशी आली, कानाभोवतीने फिरली आणि पुढे गेली. मी चादरीकडे बघत होतो. ती कुठे हलली नाही. थोड्या वेळाने आजोबा घोरायला लागले.